उजव्या कानाची बाळी

गोंदर
मस्करम महिना, क्रुसाच्या सणानंतरचा तिसरा दिवस

दादा,

मीठवाला आज दुपारी निघतोय, म्हणून भराभर लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर दोष शिकवणाऱ्याचा, म्हणजे तुझाच. इथे राजधानीत पाऊस संपला, माळ पिवळ्या फुलांनी भरले. सणाचा लाकडांचा ढीग पेटवला तेव्हा मधला खांब नेमका राजवाड्याच्या दिशेनं पडला. खांब जिकडे पडतो तिकडे वाईट होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण सगळे दरबारी एकदम आभाळाकडे बघायला लागले. मला हसू आलं, देव क्षमा करो.

सम्राटांना साधा खोकला आहे, असं दवंडी देणारे सांगतात. धुणं धुणाऱ्या बायका वेगळं सांगतात. सम्राटांच्या शाली आता अंगणात धुवत नाहीत, मागच्या ओढ्यावर नेतात, आणि पाणी लाल होऊन वाहतं. त्यामुळे दोन्हीकडची माणसं कामाला लागलीत. राजमाता नातवाला कडेवर घेऊन फिरतायत. पोर अजून रांगतंय, पण त्याला गादीवर बसवायचं आणि मागून आपण बोलायचं, असा त्यांचा बेत. सेनापती रास देम्सेला ते कसं चालेल? सगळी फौज त्याच्या मुठीत. त्याला हवाय तुमच्या डोंगरावर कोंडलेला एखादा राजपुत्र. दाढी आलेला आणि मान हलवणारा.

आता रागावू नकोस. मी राजमातेच्या घरची, तिच्या मधाच्या दारूच्या रांजणांवर माझी देखरेख, तिचं मीठ खाते. तरी गेल्या आठवड्यात देम्सेच्या दारात गेले. राजमातेकडे कोण येतं, कोण जातं, काय बोलतात, ते त्याला सांगायचं. बदल्यात एकच मागितलं. वर माणसं पाठवशील तेव्हा सिराकचं दार उघड.

सोळा वर्षं झाली, दादा. माझा नवरा तेव्हाच्या राजाचा भाऊ होता, एवढाच त्या लेकराचा गुन्हा. चार वर्षांच्या पोराला टोपलीत बसवून दोरानं वर ओढलं, आणि मी खाली उभी. तू त्याच्यासाठी मागून गेलास, शिकवायला म्हणून, परत येता येणार नाही हे माहीत असून. त्याचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. पण तू त्याला रोज बघतोस. मी त्याची उंचीसुद्धा तुझ्या पत्रातून मोजते. त्या डोंगरावरून जिवंत उतरायची वाट एकच, गादीवर बसायला उतरायचं.

मला गादीबिदी नको. त्याला समोर बसवून माझ्या हातानं त्याच्या तोंडात घास घालायचाय. एवढंच.

निवडलेल्याच्या उजव्या कानात वरच सोन्याची बाळी घालतात ना? सिराकचा कान मीच टोचून पाठवला होता. बुजला असेल तर गवताची काडी घालून ठेव.

सेनाइतला यातलं काही सांगितलं नाही. तिचा पोरगा अम्दे त्याच दिवशी त्याच टोपलीतून वर गेला. दर शनिवारी आम्ही दोघी देवळात मेणबत्त्या लावतो. ती आधी सिराकसाठी लावते, मी आधी अम्देसाठी, असं आमचं ठरलेलं. परवा मी आधी सिराकसाठी लावली. तिनं बघितलं.

तुझी
तवाबेच

*

डोंगरावरून
हिदार महिन्याची सुरुवात

तवाबेच,

पत्र मिळालं. लोण्याचं मडकंही मिळालं, अर्धं. उरलेलं अर्धं दरवाज्यावरच्या गेतूनं चाखून बघितलं. विष आहे का ते बघावं लागतं म्हणे. त्याचं पोट बघितलंस तर कळेल किती इमानदारीनं बघतो ते.

कान बुजलेला नाही. पण काडी घालणार नाही मी.

तुला आठवतं का, या राजाच्या आधी इथून कोण उतरलं होतं? रोज माझ्याशी पट मांडून बसायचा, हरला की गोट्या दरीत फेकायचा. त्याला निवडणारा देम्सेच होता. बाळी घातली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पुढचा मोठा उपवास सुटायच्या आत तो गेला. राजाचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही असा नियम, म्हणून मऊ सुती कापड घेतलं आणि गळ्याभोवती आवळलं. नियम किती काटेकोर पाळतात बघ. त्यालाही आई होती. ती आता कुठे आहे, हे गोंदरात कुणी सांगतं का तुला?

सिराक ठीक आहे. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय, दारातून वाकून येतो आणि तरी डोकं आपटतो. त्यानं सुळक्याच्या कडेला मधमाश्यांची पोवळी टांगली आहेत, दिवसभर तिथेच असतो. स्तोत्र गायला लागला की बाकीचे गप्प होतात, कारण एवढा बेसूर माणूस इथे दुसरा नाही. सोळा वर्षं शिकवूनही सूर सापडला नाही त्याला, हा माझाच पराभव. अम्दे बरोबर असतो. दोघं अजून एका ताटात जेवतात.

तुझ्या पत्रातलं घासाचं तेवढं मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, आईचे हात कसे आहेत. मला सांगता आलं नाही. जिवंत असलेल्या माणसाचे हात कसे आहेत ते विसरायला होतं, हे मलाही नवीनच कळलं.

तो इथे सुखात आहे, बाई. राहू दे त्याला. तुला जे हवंय ते मिळणार नाही आणि जे आहे तेही जाईल. देम्सेच्या दाराशी पुन्हा जाऊ नकोस. गेली असशील तर त्याला सांग, पोरगा अर्धवट आहे, जेवताना नाक पुसत नाही, काय वाटेल ते सांग.

तुझा दादा
क्फ्ले

*

गोंदर
ताहसास महिना, जन्मोत्सवाच्या आधीचे उपवासाचे दिवस

दादा,

तुझं ऐकायला हवं होतं. आता ऐकून उपयोग नाही, आता तू माझं ऐक.

सम्राट गेले. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. अजून दोन्ही वेळा त्यांच्या खोलीत ताट जातं आणि रिकामं परत येतं. कोण खातं देव जाणे. वाजंत्रीवाले दाराशी वाजवतात. तिमकतचा सण पार पडेपर्यंत लपवायचं आणि मग नवा राजा आणून उभा करायचा, असा देम्सेचा बेत आहे. नवा राजा म्हणजे आपला सिराक. मीच गुण गाऊन गाऊन त्याच्या गळी उतरवला.

मोठ्या माणसाचं जेवण कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून चौघी जणी चारी बाजूंनी कापड धरून उभ्या राहतात, ते तुला माहीत आहे. देम्सेच्या घरी त्या चौघींत आता मलाही बोलावतात. विश्वासातली ना मी. परवा दुपारी तो आणि त्याचा जावई आत बसले होते. ताटात उपवासाची डाळ, म्हणून देम्से चिडलेला. कापड धरणाऱ्यांना हात असतात एवढंच त्या लोकांना माहीत असतं, कान असतात हे नाही.

जावई म्हणाला, "या पोराला किती दिवस ठेवायचं?"

देम्से म्हणाला, "वर्षभर पुरे. तेवढ्यात राजमातेची माणसं एकेक करून फोडतो. मग हा कशाला हवा? सुती कापडाला काय तोटा आहे या गावात."

"आणि ती आई? रडारड करेल."

"ती? तिला रांजण ढवळू दे की. एक पोरगा सोळा वर्षं नव्हताच, आणखी नसला तर काय बिघडलं?"

दोघं हसले. माझ्या हातातलं कापड हललं असणार. आतून आवाज आला, "कोण गं ती, वारा घालतेयस का आम्हाला?" मी कापड घट्ट धरलं. दादा, जेवण संपेपर्यंत मी ते धरून उभी होते.

तिथून थेट राजमातेकडे गेले आणि पाय धरले. सगळं सांगितलं, चहाडी कुणी केली तेही. वाटलं, आता जीभ कापतील. त्या बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "अंगात व्यंग असलेला माणूस गादीवर बसत नाही. तुझ्या पोराच्या अंगात व्यंग असतं तर तो देम्सेच्याही कामाचा नसता आणि माझ्याही वाटेत नसता. तसा कुणी असेल तर मी त्याला ताना सरोवरातल्या बेटावरच्या मठात पाठवीन. तू जवळच्या गावात राहा आणि रोज भरव त्याला." एवढं बोलून त्यांनी मला उठवलं.

आता तुला लिहायचं ते लिहिते. बाळी उजव्या कानात घालतात. उजवा कान नसला तर बाळी घालता येत नाही. कान जाऊ दे, दादा. मुलगा राहू दे.

तिमकतनंतर दोनतीन दिवसांत त्यांची माणसं वर येतील. त्याच्या आत व्हायला हवं. त्याला विचारत बसू नकोस, पोर आहे, घाबरेल. मी त्याची आई आहे, मी सांगतेय. पाप लागलं तर माझ्या नावावर.

मग दुसऱ्या कुणाचं तरी दार उघडेल, हे मला कळतं. कुणाचं, त्याचा विचार मी करत नाही. तूही करू नकोस. आणि हे पत्र जाळ.

तवाबेच

*

डोंगरावरून
तिर महिना, तिमकतनंतरचा आठवडा

तवाबेच,

झालं. कान गेला. रक्त थांबलं, जखमेवर मध आणि ओल्या पानांचा लेप लावलाय. ताप दोन दिवस होता, आता उतरलाय. सणाच्या दिवशी दुपारी त्याला भरपूर मधाची दारू पाजली होती. फारसं कळलं नाही त्याला.

मग तो काही बोलला नाही.

देम्सेची माणसं आली, तुतारी वाजवत. सगळे राजपुत्र अंगणात ओळीनं उभे केले. त्यांचा म्होरक्या बाळी तळहातावर घेऊन सरळ सिराकपाशी गेला आणि डोक्याचं फडकं बाजूला केलं. मग विचारलं, हे काय. मी म्हटलं, सणाला जास्त झाली, कड्यावरून घसरला, खडकावर आपटला. त्याला ते पटलं नाही. त्याला वाटलं राजमातेनं सोनं चारून करवून घेतलं. सोनं कुणी खाल्लं, तर दरवाज्यावरच्या गेतूनं. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात लोण्याशिवाय दुसऱ्याचं काही खाल्लं नव्हतं. त्याला खांबाला बांधून फटके दिले आणि खाली घेऊन गेले. मी बघत होतो. तोंड उघडलं नाही.

बाळी मोकळी राहिली होती. म्होरक्यानं ओळीवरून नजर फिरवली आणि सिराकच्या शेजारी उभ्या असलेल्याचा कान धरला.

अम्दे. त्याला वाटलं चेष्टा करतायत. हसला, मग रडला. "माझी शेळी बरोबर नेता येईल का?" म्हणून त्यानं विचारलं. म्होरक्या म्हणाला, "महाराजांना हवं ते नेता येईल." महाराज म्हटल्यावर तो मागे वळून बघायला लागला, कुणाला म्हणतायत ते.

सेनाइतला तू काय सांगशील ते तू ठरव. आता राजमातेला तिच्या शब्दाची आठवण दे. सिराकला लवकर हलवा इथून. कानाच्या रिकाम्या जागेकडे बघवत नाही मला, आणि त्याच्याकडेही बघवत नाही.

क्फ्ले

*

गोंदर
सेने महिना, पाऊस सुरू झाला

दादा,

एवढे महिने लिहिलं नाही. तू वाट बघत असशील म्हणूनच लिहिलं नाही. आता नदी भरायच्या आत मीठवाल्याची ही शेवटची खेप आहे.

अम्देला मुकुट चढवला तेव्हा मी गर्दीत होते. सेनाइत माझ्या गळ्यात पडून नाचली. म्हणाली, "तुझाही येईल गं खाली, मी सांगीन अम्देला." मी तिला थोपटत होते आणि अम्देच्या गळ्याकडे बघत होते. कोवळा, लांबडा गळा. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पोराला घेऊन पळाली असती, देम्सेनं शोध घेतला असता, आणि तो शोध माझ्यापर्यंत आला असता. रोज मनात हाच हिशेब करायचे आणि रोज गप्प बसायचे. ती मला सण असला की पहिलं भाकरीचं टोपलं पाठवायची. मी खायचे.

राजमातेकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, थांब, देम्से आत्ता डोळे वटारून बसलाय. थांबले. पुन्हा गेले. म्हणाल्या, थांब.

मग देम्सेच मेला. कुणी मारला नाही. दक्षिणेत बंड मोडायला गेला, सखल भागातला ताप लागला, आठवडाभर बडबडला आणि गेला. एवढा मोठा माणूस, ज्याच्या जेवणाकडे बघायची कुणाची छाती नव्हती, त्याला डास चावला. त्याचा जावई तलवार टाकून देवळात लपलाय. राजमातेनं एका दिवसात फौज आपल्याकडे वळवली. आणि अम्देला काढलं नाही. कशाला काढतील? छोट्या नातवापेक्षा हाच बरा, पोरगा गरीब, सांगितलं ते ऐकतो. नातीचं लग्न लावून दिलं त्याच्याशी आणि मुलगा म्हणून मांडीवर घेतला. आता त्याच्या केसाला कुणी धक्का लावणार नाही. म्हातारा होऊन मरेल तो गादीवर.

म्हणजे कळतंय का तुला? आपण काही केलं नसतं, हातावर हात ठेवून नुसते बसलो असतो, तर आज सिराक तिथे असता.

तरी मी पुन्हा राजमातेकडे गेले. आता देम्से नाही, आता तरी पाठवा त्याला बेटावर. त्या खरंच दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "बाई, कान त्याचा गेलाय. उद्या त्याला मुलगे झाले तर त्यांना दोन्ही कान असतील. राजाच्या रक्ताचे, खाली मोकळे फिरणारे. पुन्हा एखादा देम्से त्यातलाच एक उचलेल. त्याला तिथेच राहू दे." मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. त्या म्हणाल्या, "दिला होता. तेव्हा देम्से होता."

मग मी म्हटलं, मला तरी वर जाऊ द्या, मी परत येणार नाही. त्यांनी हातानंच जायची खूण केली.

सेनाइतनं मला आपल्या वाड्यात घेतलंय. राजाच्या जेवणाला कापड धरते. ती आत बसून त्याला भरवते, रोज. मला दिसत नाही काही, कापड मध्ये असतं. ऐकू येतं. "अजून एक," म्हणते ती. तो म्हणतो, "पुरे गं आई."

सिराक कसा आहे ते लिही. काहीही लपवू नकोस.

तवाबेच

*

डोंगरावरून
नेहासे महिना, पाऊस चालू

तवाबेच,

लपवू नकोस म्हणालीस. मग ऐक. हे पत्र पाऊस उघडल्यावर तुझ्या हातात पडेल, तोवर मला ते फाडता येईल. बघू.

विचारत बसू नकोस, असं तू लिहिलं होतंस. मी विचारलं होतं. तिमकतच्या आधी, मोहोळाला धूर देत होता तेव्हा. कानाचं तू सांगितलंस ते सोडून सगळं सांगितलं. बाळी येतेय, ती तुझ्यासाठी आहे, वर्षभरात मागून कापड येईल. त्यानं धुराचं मडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "वर्षभर म्हणजे किती घास होतील, मामा?"

मला काही कळेना. तो म्हणाला, "रोज दोन वेळा धरा. उपवास वजा करा." आणि बोटांवर मोजायला लागला. मध्येच चुकला, हसला. "पुष्कळ होतात," म्हणाला. "मी जातो."

मी म्हटलं, वेडा आहेस का, मारतील तुला. तो म्हणाला, "मामा, इथे मी काय करतोय?"

तो इथे सुखात आहे, असं तुला किती पत्रांत लिहिलं मी. त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मधमाश्या बघायचो, बेसूर गाणं ऐकायचो आणि समजायचो. पोवळी सुळक्याच्या कडेला का टांगली, तर तिथून गोंदरची वाट दिसते. हे मला अम्देनं सांगितलं, टोपलीत बसताना.

आणि हे ऐकल्यावरही मी त्याला त्यानंच काढलेल्या मधाची दारू पाजली. तो खुशीत होता, चाललोय म्हणून सगळ्यांना पाजत होता. मला म्हणाला, मामा, तुमची आठवण येईल. झोपला तेव्हा माझ्या मांडीवर डोकं होतं. पुढचं तुला माहीत आहे. तू सांगितलंस म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. मला तो जिवंत हवा होता, मलाही.

शुद्धीवर आल्यावर त्यानं कानाकडे हात नेला. मग एकच विचारलं, "आईला माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही. माझं मी ठरवलं.

तो म्हणाला, "मग तिला सांगा, मी निघालो होतो."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. अम्देच्या झोपडीत राहायला गेलाय. डोक्याला फडकं बांधून असतो. मोहोळं सोडून दिली, माश्या उडून गेल्या. माझ्या समोरून जातो, वाट सोडतो, मी मोठा ना, म्हणून. तेवढी रीत पाळतो.

त्याला वाटतं तू खाली ताट वाढून बसली होतीस आणि मी तुम्हा दोघांना फसवलं. आता तूच सांग. खरं सांगितलं तर कदाचित तो मला परत मिळेल, पण तू जाशील त्याच्यापासून. नाही सांगितलं तर तू राहशील. मी म्हातारा झालोय, त्याच्याशिवाय इथे मला कुणी नाही. तरी मी आपणहून सांगणार नाही. फक्त एकदा तुला विचारावंसं वाटलं.

क्फ्ले

*

गोंदर
मस्करम महिना, क्रुसाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी

दादा,

सांगू नकोस.

हे लिहायला मला तीन कागद लागले. पहिल्या दोन्हीत मी सांग म्हणून लिहिलं होतं. तुझ्यासारख्या भावाला माझ्यासारखी बहीण मिळू नये. त्याला सांग, आईला निरोप पोचला. सांग की आई वाट बघत होती. ते काही खोटं नाही.

आणि त्याचा राग तू सोस. मी तुझ्याकडे आजवर मागत आले, हे शेवटचं.

काल सणाचं जेवण होतं. मी कापड धरून उभी होते. आत सेनाइत, अम्दे आणि त्याची बायको. अम्दे बायकोला डोंगरावरच्या गमती सांगत होता. सिराक दारात डोकं कसं आपटायचा ते सांगून हसला. मग हसता हसता थांबला आणि विचारलं, "कापड कोण धरतंय?" सेनाइतनं सांगितलं.

तो म्हणाला, "सिराकच्या आईला आत घ्या."

माझ्या हातातलं कापड दुसरीनं घेतलं. मी आत जाऊन गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा त्याला जवळून बघितलं. गाल भरलेत. बाळी मोठी आहे रे, मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठी, मान हलवली की गालाला लागते. मी खाली बघत होते. तो म्हणाला, "मावशी, वर आम्ही एका ताटात जेवायचो. त्याच्या वाटचं मी एकटाच खातोय इथे."

आणि त्यानं इंजेराच्या भाकरीचा तुकडा तोडला, त्यात चांगले मांसाचे तुकडे घेतले, नीट गुंडाळलं आणि माझ्या तोंडापुढे हात धरला.

राजानं दिलेला घास नाकारता येत नाही. सेनाइत माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आणून, खूश होऊन. मी तोंड उघडलं. घास फार मोठा होता, दादा. मला चावायला वेळ लागला, आणि तोवर सगळे हात थांबवून बसले होते.

तवाबेच